कासिओदोरो दे रेना : स्पॅनिश शास्त्राचा भाषांतरकार

सायंकाळच्या प्रार्थनेच्या वेळीं आपण कोनाड्यांतील पवित्र शास्त्र काढतों व आपल्या मायबोलींत वाचूं लागतों. सोळाव्या शतकांत स्पेन देशांत असें वाचणें हा अपराध होता. तेथें इन्क्विझिशन नांवाचें धर्मन्यायासन होतें व राजसत्ता त्याच्या पाठीशीं असे. संशयितास धरून नेलें म्हणजे आरोप कोणीं केला हेंहि त्यास कळूं देत नसत. १५५९ सालीं ह्या न्यायासनानें निषिद्ध ग्रंथांची जी यादी काढिली तींत लोकभाषेंतील पवित्र शास्त्रहि होतें. आपल्या शेजारच्या गोव्यांत पोर्तुगीजांनीं १५६० सालीं स्थापिलेलें न्यायासन ह्याच जातीचें.

रेना हा सुमारें १५२० सालीं जन्मला. सेव्हिल शहराजवळ सांतिपोन्से गांवीं सान इसिदोरोचा मठ आहे, तेथें तो मठवासी होता. त्या मठांत सुधारकांचे ग्रंथ गुप्तपणें येऊं लागले. मठवासी ते वाचीत, एकमेकांस समजावून देत, आणि हळूहळू ठराविक पठणाचा वेळ शास्त्राच्या अभ्यासाकडे लागूं लागला.

हे ग्रंथ येत कोठून? हुआन पेरेझ नांवाच्या देशत्यागी स्पॅनिश विद्वानानें नव्या कराराचें भाषांतर १५५६ सालीं जिनीव्हा येथें छापविलें. तें स्पेनमध्यें पोंचविणारा हुलियान एर्नांदेझ. हा देहानें इतका लहान कीं लोक त्यास लहानगा हुलियान म्हणत. १५५७ सालीं पुस्तकें ओझ्यांत दडवून त्यानें तीं सेव्हिलपर्यंत आणिलीं. त्यांतील एक चुकून भलत्याच माणसाच्या हातीं पडलें व त्यानें तें न्यायासनापुढें नेलें, असें सांगतात. हुलियान धरला गेला. तीन वर्षांहून अधिक काळ तो कोठडींत होता. त्याचे फार हाल केले, आणि शेवटीं १५६० च्या २२ डिसेंबर रोजीं सेव्हिल येथें त्यास जाळण्यांत आलें. खांद्यावर पिशवी टाकून गांवोगांव शास्त्राचीं पुस्तकें विकणारे कितीएक बंधु आपल्या इकडेहि होऊन गेले. हा लहानगा त्यांच्याच पंक्तींतला, असें आम्हांस वाटतें.

रेना मात्र १५५७ सालींच कित्येक सोबत्यांसह मठ सोडून जिनीव्हास निसटला. त्याबद्दल त्यास दोष द्यावा असें आम्ही म्हणत नाहीं. पण मागें राहिलेल्यांचें काय झालें हें आठवल्यावांचून त्याचें चरित्र वाचवत नाहीं. तो हातीं लागला नाहीं म्हणून १५६२ सालीं सेव्हिलमध्यें त्याच्या पुतळ्यास जाळलें.

जिनीव्हांत तरी मोकळीक होती काय? तेथें १५५३ सालीं सर्व्हेटस नांवाच्या मनुष्यास धर्ममतासाठीं जाळलें होतें, आणि जाळणारे आपल्याच सुधारित पंथाचे होते. हें लिहितांना आम्हांस लाज वाटते, परंतु लपविणें बरें नव्हे. रेनास तें कृत्य मान्य नव्हतें व तो तेथें फार दिवस राहिला नाहीं. लंडनांत त्यानें स्पॅनिश मंडळी चालविली. तेथें त्याच्यावर पाखंडाचे व अनीतीचे आरोप आले आणि १५६३ च्या सुमारास तेथूनहि पळावें लागलें. आरोपांतून तो मोकळा होण्यास १५७९ साल उजाडलें.

ह्या भटकंतींतच बारा वर्षें भाषांतर चाललें होतें. बासेल शहरीं छपाई ठरली. छापणाऱ्यास आगाऊ पैसे दिले, तों १५६८ सालीं तो वारला आणि पैसे त्याच्या सावकारांच्या घशांत गेले. रेना स्वतः आजारानें अंथरुणास खिळला. मित्रांनीं पुन्हां पैसे उभे केले, दुसरा छापखाना मिळाला, आणि १५६९ च्या सप्टेंबरांत २६०० प्रती तयार झाल्या. सबंध पवित्र शास्त्र स्पॅनिश भाषेंत छापून निघण्याची ही पहिलीच वेळ. मुखपृष्ठावर भाषांतरकाराचें नांव नव्हतें. झाडाच्या ढोलींतील मधासाठीं धडपडणाऱ्या अस्वलाचें चित्र मात्र होतें. त्यावरून त्यास अस्वलाचें शास्त्र असें नांव पडलें.

रेना १५९४ सालीं फ्रँकफुर्ट येथें वारला. त्याच मठांतून पळालेल्या सिप्रियानो दे वालेरा ह्यानें तें भाषांतर तपासून १६०२ सालीं आम्सटरडाम येथें पुन्हां छापविलें. अनेकदां सुधारलेलें तें शास्त्र स्पॅनिश बोलणाऱ्या मंडळ्यांत आजहि वाचतात.