पुनर्रचनेच्या कायद्यामागचे चिंतामणराव

उचगाव (जि. कोल्हापूर) : दुसऱ्या महायुद्धात होरपळलेल्या युरोपचे दुःख करवीरच्या जनतेने घराजवळच पाहिले. उचगावच्या शेजारी वळिवडे येथे १९४३ ते १९४८ या काळात पोलंडमधील सुमारे पाच हजार निर्वासितांची छावणी होती; त्यांत स्त्रिया आणि मुलेच अधिक. असे उद्ध्वस्त देश पुन्हा उभे करण्यासाठी पैसा कोठून आणावयाचा, याचा विचार करण्यासाठी जुलै १९४४ मध्ये अमेरिकेतील ब्रेटन वुड्स येथे ४४ राष्ट्रे जमली. भारताच्या शिष्टमंडळात एक मराठी अर्थवेत्ते होते, चिंतामण द्वारकानाथ देशमुख.

महाडजवळील नाते येथे १४ जानेवारी १८९६ रोजी त्यांचा जन्म झाला. मॅट्रिकला संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती, केंब्रिजला वनस्पतिशास्त्र आणि १९१८ मध्ये आयसीएस परीक्षेत पहिला क्रमांक, असा त्यांचा विद्यार्थिदशेतील लौकिक. ऑगस्ट १९४३ मध्ये ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. त्याच वर्षी बंगालमध्ये लाखो माणसे दुष्काळात मृत्युमुखी पडत होती.

भारताची अडचण विलक्षण होती. युद्धकाळात ब्रिटनने येथून माल उचलला आणि त्याची किंमत लंडनमधील खात्यावर केवळ जमा दाखविली. स्वातंत्र्याच्या वेळी ही रक्कम सुमारे ११६ कोटी पौंड होती. धनको असूनही कंगाल अशा या देशाने युरोपच्या पुनर्रचनेसाठी निधी उभारण्यास हातभार लावावयाचा होता! अडकलेल्या रकमेचा प्रश्न नव्या नाणेनिधीच्या कक्षेत घ्यावा, ही भारताची मागणी ब्रिटन व अमेरिकेने मानली नाही. मागासलेल्या देशांच्या विकासाचा आग्रहही शिष्टमंडळाने धरला. जागतिक बँकेच्या करारात अखेर पुनर्रचना आणि विकास या दोहोंचा न्याय्य विचार करण्याचे कलम आले. त्याचे श्रेय मात्र लॅटिन अमेरिकी देशांनाही द्यावे लागेल.

करारावर सही करण्याची मुदत डिसेंबर १९४५ अखेर संपत होती. नव्या मध्यवर्ती विधिमंडळात चर्चा होण्याआधीच व्हाइसरॉयने अध्यादेश काढून भारताला सभासद केले. लोकप्रतिनिधींना डावलण्याची ही रीत रुचणारी नव्हती. तोच अध्यादेश पुढे आंतरराष्ट्रीय नाणेनिधी व बँक कायदा, १९४५ म्हणून कायम राहिला.

बँकेचे पहिले कर्ज १९४७ मध्ये फ्रान्सला मिळाले, २५ कोटी डॉलरचे. भारताला पहिले कर्ज रेल्वे इंजिनांसाठी मिळाले. पण ते १९४९ मध्ये, आणि अवघे ३ कोटी ४० लाख डॉलर. पुढच्याच वर्षी पॅरिसमध्ये बँक व नाणेनिधीच्या संयुक्त बैठकीचे अध्यक्षपद देशमुखांनी भूषविले.

१९५० पासून ते केंद्रीय अर्थमंत्री होते. मुंबईच्या प्रश्नावर १९५६ मध्ये त्यांनी राजीनामा दिला आणि महाराष्ट्राने त्यांना प्रामुख्याने त्यासाठीच लक्षात ठेवले. २ मे १९८२ रोजी हैदराबाद येथे त्यांचे निधन झाले.