पॅरिसमधील वृद्ध मुद्रक

सन १७७६ च्या डिसेंबरात सत्तर वर्षांचे एक वृद्ध गृहस्थ दोन नातवांसह पॅरिसला पोहोचले. समुद्रप्रवासाने ते पुरते थकले होते. डोक्यावर दरबारी केसांचा टोप नव्हता, साधी लोकरी कातड्याची टोपी होती. हेच बेंजामिन फ्रँकलिन. अमेरिकेतील तेरा वसाहतींनी इंग्लंडच्या राजाविरुद्ध बंड पुकारले होते. परंतु त्यांच्यापाशी पुरेसा दारूगोळा नव्हता आणि नाव घेण्याजोगे आरमारही नव्हते. फ्रान्सला युद्धात ओढणे हे कार्य यांच्यावर सोपविले होते.

बोस्टनच्या एका साबण-मेणबत्तीवाल्याच्या सतरा अपत्यांपैकी हे पंधरावे. जन्म १७०६ चा. छापखाना, वर्तमानपत्र, विजेचे प्रयोग ही कथा आपण शाळेतच वाचलेली असते; ती येथे उगाळीत नाही. १७५३ पासून ते वसाहतींच्या टपालखात्याचे एक प्रमुख होते व साम्राज्याचे निष्ठावंत सेवक म्हणवीत. १७७४ च्या जानेवारीत लंडनला प्रिव्ही कौन्सिलपुढे भर सभेत त्यांची निर्भर्त्सना झाली आणि लागलीच ते पदही गेले. सरकारी चाकरीत ज्याचे केस पिकले त्याला या प्रसंगाची बोच निराळी सांगावयास नको.

फ्रान्सचे परराष्ट्रमंत्री व्हेर्जेन यांना १७६३ च्या तहात कॅनडा गमावल्याचे शल्य होते. नाटककार बोमार्शे यांच्या नावापुरत्या व्यापारी पेढीमार्फत ते बंडखोरांना गुप्तपणे शस्त्रे पुरवीत. पण हरणाऱ्या पक्षासाठी उघड युद्ध कोण करील? फ्रँकलिन वाट पाहत राहिले. ४ डिसेंबर १७७७ रोजी साराटोगा येथे इंग्रज सेना शरण गेल्याची वार्ता आली. तेव्हा इंग्लंडचा हस्तक समेटाचे बोलणे घेऊन आला. फ्रँकलिन त्याला भेटले, आणि ही भेट फ्रेंचांच्या कानी जाईल याची त्यांना पुरती कल्पना होती. दुरावलेले भाऊबंद पुन्हा एक होतील ही धास्ती व्हेर्जेन यांना पुरेशी झाली. ६ फेब्रुवारी १७७८ रोजी तह झाले आणि त्याच उन्हाळ्यात तोफा धडाडल्या. मौज अशी की, शिष्टमंडळाचा चिटणीस बँक्रॉफ्ट हाच इंग्रजांचा हेर होता!

त्या वणव्याची झळ आपल्याकडेही पोहोचली. १७७७ मध्ये सें ल्युबँ हा फ्रेंच गृहस्थ पुण्यास नाना फडणविसांकडे आला, तेव्हाच मुंबईकर इंग्रज बिथरले होते. युद्ध पेटताच इंग्रजांनी १७७८ मध्ये चंद्रनगर व पाँडिचेरी आणि १७७९ च्या मार्चमध्ये माहे घेतले. माहे गेल्याने हैदरअली संतापला व १७८० मध्ये कर्नाटकावर उतरला. वडगावला मराठ्यांनी इंग्रजांना नमविले तो १७७९ चा जानेवारी याच धामधुमीतला.

१७८३ मध्ये अमेरिका स्वतंत्र झाली. फ्रान्सच्या पदरी मात्र एक अब्ज लिव्हरांहून अधिक खर्च पडला. सहा वर्षांनी तेथे क्रांती झाली, तिच्या कारणांत हे कर्ज ठळक आहे. स्वतः फ्रँकलिन यांनाही किंमत मोजावी लागली. त्यांचा पुत्र विल्यम न्यू जर्सीचा राजनियुक्त गव्हर्नर. तो राजाशी एकनिष्ठ राहिला व त्यापायी कैदेत पडला. फ्रान्सच्या राजाला आपलेसे करणाऱ्या या मुत्सद्द्याला पोटच्या मुलाला क्षमा करता आली नाही. १७८५ मध्ये मायदेशी परतताना साउदॅम्प्टनला बापलेक अखेरचे भेटले. त्या भेटीत मुलाच्या अमेरिकेतील जमिनीचे खरेदीखत नातवाच्या नावे करून घेण्यात आले. १७९० च्या एप्रिलमध्ये फ्रँकलिन फिलाडेल्फियात वारले. मृत्युपत्रात विल्यमच्या वाट्याला जवळजवळ काहीच नव्हते.