डॉ. कमलाबाई सोहोनी

आपल्या देहातील पेशींत डीएनए नावाचा एक अतिसूक्ष्म धागा असतो व त्यावर आपल्या आनुवंशिक गुणांची जणू लिपीच लिहिलेली असते. प्रखर उन्हाने, अपायकारक द्रव्यांनी, किंबहुना पेशीतील पाण्याने व प्राणवायूनेही त्या धाग्याची नित्य मोडतोड होते. तरीही आपण जगतो. कारण बिघडलेला भाग कापून काढून त्या जागी नवा सांधणारी विकरे, ज्यांस एन्झाइम असेही म्हणतात, अहोरात्र कार्यरत असतात. हे दुरुस्तीचे कार्य उलगडून दाखविल्याबद्दल टॉमस लिंडाल, पॉल मॉड्रिच व अझिझ सँकार या तिघांना इ. स. २०१५ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. परंतु असे शोध एकाएकी लागत नाहीत. विकरांच्या शास्त्राचा पाया भरण्यास आधीच्या पिढीतील अनेकांनी हातभार लावला, आणि त्यांत एक मराठी विदुषीही होती. तिचे चरित्र आज आपण पाहू.

कमलाबाईंचा जन्म इ. स. १९११ मध्ये इंदूर येथे भागवत कुटुंबात झाला. त्यांचे वडील नारायणराव व चुलते माधवराव हे दोघेही रसायनशास्त्रज्ञ असून बंगळूरच्या टाटा विज्ञानसंस्थेत शिकलेले होते. साहजिकच त्याच संस्थेत जाऊन संशोधन करावे, अशी आकांक्षा या मुलीच्या मनात बालपणापासून रुजली. इ. स. १९३३ साली त्या मुंबई विद्यापीठाच्या बी. एस्सी. परीक्षेत प्रथम क्रमांकाने उत्तीर्ण झाल्या व त्यांनी बंगळूरास अर्ज धाडला. संस्थेचे संचालक त्या वेळी सर चंद्रशेखर वेंकट रामन हे होते. जगद्विख्यात अशा या शास्त्रज्ञाने अर्ज नाकारला. अर्जदार स्त्री आहे, एवढेच त्याचे कारण होते.

कमलाबाई नकार ऐकून घरी बसल्या नाहीत. त्या स्वतः बंगळूरास गेल्या, गुणांत आपण कोठे उणे आहोत असा प्रश्न त्यांनी केला, आणि प्रवेश मिळाल्यावाचून परतावयाचे नाही असा निग्रह धरला. अखेरीस प्रवेश मिळाला, पण अटींवर. पहिले वर्ष परीक्षेचे समजावे. मार्गदर्शक सांगतील तर रात्री उशिरापर्यंत काम करावे. आणि आपल्या उपस्थितीने पुरुष विद्यार्थ्यांच्या कामात व्यत्यय येऊ देऊ नये. शेवटची अट कोणत्याही स्वाभिमानी मुलीच्या मनाला लागेल अशीच होती. कमलाबाईंनाही ती लागली, व त्याचे शल्य त्यांनी वृद्धापकाळीही लपविले नाही. तथापि त्या वेळी त्यांनी सर्व अटी मान्य केल्या. आपण मागे फिरलो तर पाठीमागून येणाऱ्या मुलींनाही दार बंदच राहील, हे उघड होते.

श्री. श्रीनिवासय्या यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी दूध व कडधान्ये यांतील प्रथिनांवर संशोधन केले. त्यांची निष्ठा पाहून रामन यांचे मत पालटले, आणि वर्षभरानंतर संस्थेचे दार स्त्रियांना खुले झाले. इ. स. १९३६ मध्ये कमलाबाईंनी एम. एस्सी. पदवी विशेष प्रावीण्यासह संपादन केली.

इ. स. १९३७ मध्ये शिष्यवृत्ती मिळवून त्या इंग्लंडात केंब्रिज येथे न्यूनहॅम कॉलेजात दाखल झाल्या. तेथे प्रथम डेरेक रिक्टर व पुढे रॉबिन हिल यांच्याबरोबर त्यांनी काम केले. श्वसन म्हणजे केवळ नाकाने वायू घेणे नव्हे. प्रत्येक जिवंत पेशीत अन्नातून शक्ती मोकळी होत असते व तिच्यावरच सर्व जीवनव्यापार चालतो. प्राण्यांच्या पेशींत या कार्यी सायटोक्रोम नावाची रंगद्रव्ये व त्यांवर कार्य करणारे विकर साहाय्य करतात, हे ठाऊक होते. कमलाबाईंनी साध्या बटाट्यावर प्रयोग करून दाखविले की, वनस्पतींच्या पेशींतही सायटोक्रोम सी असते व श्वसनात त्याचा भाग असतो. गाय आणि ती जे गवत खाते ते गवत, या दोहोंच्या अंतरंगी श्वसनाची एकच रीत आहे! त्यांचा प्रबंध अवघा सुमारे चाळीस पृष्ठांचा होता, त्यावर इ. स. १९३९ साली त्यांस पीएच. डी. ही पदवी मिळाली.

पदवी मिळताच त्या मायदेशी परतल्या. दिल्लीचे लेडी हार्डिंज वैद्यकीय महाविद्यालय व कुन्नूरची पोषण-संशोधनशाळा येथे त्यांनी सेवा केली. इ. स. १९४७ मध्ये श्री. मा. वि. सोहोनी यांच्याशी विवाह झाल्यावर त्या मुंबईस आल्या व रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये जीवरसायनशास्त्राच्या प्राध्यापक झाल्या. पुढे संचालकपदही त्यांस मिळाले, परंतु ते वर्षानुवर्षे लांबणीवर पडल्यानंतर.

येथे त्यांच्या विद्येने गरिबाच्या ताटाकडे दृष्टी वळविली. आपल्या वारंगा फाट्याच्या भोवतालच्या शिवारांत तूर, हरभरा, मूग व सोयाबीन पिकतात. कच्च्या कडधान्यांत ट्रिप्सिन या पाचक विकरास अडविणारी द्रव्ये असतात. डाळ नीट शिजविली म्हणजे त्यांचा जोर पुष्कळसा नाहीसा होतो. भारतीय अन्नपदार्थांतील या द्रव्यांचा कमलाबाईंनी व त्यांच्या विद्यार्थ्यांनी कसून अभ्यास केला. तसेच राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या सूचनेवरून त्यांनी ताडामाडाच्या नीरेचे परीक्षण केले. तीत अ व क जीवनसत्त्वे आणि लोह असून कुपोषित मुले व गरोदर स्त्रिया यांस ती हितकर आहे, असे त्यांस आढळले. या कार्याबद्दल त्यांना राष्ट्रपती पुरस्कार देण्यात आला. निवृत्तीनंतरही त्या ग्राहकांच्या चळवळीत झटल्या व अन्नातील भेसळीविषयी लोकांस सावध करीत राहिल्या. इ. स. १९९८ मध्ये दिल्ली येथे आपल्याच सत्कारसमारंभात त्यांना भोवळ आली व त्यानंतर लवकरच त्यांचे देहावसान झाले.

वाचकहो, नांदेड, हिंगोली व यवतमाळ या तिन्ही बाजूंचे रस्ते आपल्या फाट्यावर मिळतात. येथून उच्च शिक्षणासाठी दूर शहरी जाणाऱ्या मुलींपैकी एखादीस कोणी अकारण अडविले, तर तिने कमलाबाईंचे स्मरण करावे: अपमान विसरू नये, पण त्यापायी आपले काम सोडू नये. आणि आम्हा मुलांनी एवढे ध्यानी धरावे की, प्रयोगशाळेत शेजारी बसलेली भगिनी ही व्यत्यय नव्हे. ईश्वराने बुद्धी देताना मुलगा वा मुलगी असा भेद केलेला नाही. तो आपणही करू नये.