गाजलेल्या गाण्यामागचा खरा कोमराम भीम

आदिलाबाद : ‘आरआरआर’ चित्रपटातलं ‘कोमुरम भीमुडो’ हे गाणं २०२२ मध्ये देशभर गाजलं. सुद्दाला अशोक तेजा यांनी ते लिहिलं, तर गायक काल भैरव यांना त्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पडद्यावर इंग्रजांचे फटके खाणारा भीम गुडघे टेकायला नकार देतो. खऱ्या भीमाची लढाई मात्र दिल्लीत नव्हे, तर इथल्याच रानात झाली. आणि समोर होता निजाम.

कोमराम भीम यांचा जन्म १९०१ चा मानला जातो, गाव आसिफाबादजवळचं संकेपल्ली, घर गोंडाचं. वडील जंगल खात्याच्या माणसांशी झालेल्या झगड्यात गेले. पुढे जमिनीच्या वादात भीमाच्या हातून एक जण मारला गेला. मग ते चांद्याला, म्हणजे आजच्या चंद्रपूरला पळाले, तिथे विठोबा नावाच्या छापखानेवाल्याकडे राहून लिहा-वाचायला शिकले आणि नंतर आसामच्या चहामळ्यात राबले, असं इकडचे लोक सांगतात.

परतल्यावर त्यांनी पाहिलं, की राखीव जंगलाच्या नावाखाली गोंड-कोलामांची शेती हिसकावली जात होती. गुरं चारली तरी कर द्यावा लागे. भीमांनी जोडेघाटच्या आसपासची बारा गावं एकत्र केली. मागणी साधी होती : पाणी, रान आणि जमीन आमच्या ताब्यात राहू द्या. ‘जल, जंगल, जमीन’ ही घोषणा आज त्यांच्याच नावाने ओळखली जाते. १९४० मध्ये निजामाच्या पोलिसांनी जोडेघाटवर गोळीबार केला. भीम आणि त्यांचे साथीदार मारले गेले.

त्यानंतर निजाम सरकारला गोंडांच्या दुखण्याचा शोध घ्यावा लागला. मानववंशशास्त्रज्ञ हायमेनडॉर्फ इथे आले. मारलवाईत गोंडांसाठी शिक्षण केंद्र निघालं, आणि गोंडीची पुस्तकं मराठीच्याच देवनागरी लिपीत तयार झाली.

त्या काळी किनवट, राजुरा हे तालुकेही आदिलाबाद जिल्ह्यातच होते. १९५६ मध्ये राज्यांच्या रेषा बदलल्या, रान तेच राहिलं. त्यामुळे भीम एकट्या तेलंगणाचे नाहीत.

गोंड समाज त्यांची पुण्यतिथी तारखेने नव्हे, तिथीने पाळतो. आश्विन पौर्णिमेला, म्हणजे आपल्या कोजागिरीलाच, जोडेघाटला माणसं जमतात. जमिनीच्या पट्ट्याचा प्रश्न तिथे आजही निघतो. गाणं काही मिनिटांत संपतं, हा प्रश्न अजून संपलेला नाही.