दातांच्या तारेपर्यंत पोचलेला ब्रॅग यांचा नियम

वाकडे दात सरळ करायचे म्हटले की वर्धा, हिंगणघाट, आर्वीकडचे अनेक पालक मुलांना घेऊन सावंगी (मेघे) येथील शरद पवार दंत महाविद्यालय गाठतात. तिथे दातांना तार लावली जाते. ही तार दाताला किती जोराने ढकलते, हा या उपचारातला कळीचा प्रश्न. दात नुसता कलता करायला साधारण ३५ ते ६० ग्रॅम वजनाइतके बल पुरते. हाडात आत सरकवायचा तर १० ते २० ग्रॅमच. बल फार झाले तर दाताचे मूळ झिजू शकते, आणि झिजून गेलेली लांबी परत येत नाही. एवढे बारीक बल मोजण्यासाठी संशोधक आता केसाएवढा काचेचा धागा वापरू लागले आहेत. त्या धाग्याच्या मुळाशी आहे विल्यम लॉरेन्स ब्रॅग यांचा नियम.

ब्रॅग यांचा जन्म ३१ मार्च १८९० रोजी ऑस्ट्रेलियातील ॲडलेड येथे झाला. लहानपणी तीनचाकी सायकलवरून पडून त्यांचे डावे कोपर मोडले. क्ष-किरणांचा शोध तेव्हा नुकताच लागला होता. वडील विल्यम हेन्री ब्रॅग भौतिकशास्त्राचे प्राध्यापक. त्यांनी स्वतः उपकरण जुळवून मुलाच्या हाताचे चित्र घेतले. ऑस्ट्रेलियात वैद्यकीय कामासाठी क्ष-किरण वापरल्याच्या अगदी पहिल्या घटनांत तिची गणना होते.

१९०९ मध्ये कुटुंब इंग्लंडला आले आणि लॉरेन्स केंब्रिजला शिकू लागले. १९१२ मध्ये जर्मनीत माक्स फॉन लाउए यांच्या सूचनेवरून स्फटिकातून क्ष-किरण सोडले गेले आणि छायाचित्रपट्टीवर ठिपक्यांची नक्षी उमटली. तिचा अर्थ लावताना २२ वर्षांच्या लॉरेन्सला उलगडा झाला. स्फटिकातले अणूंचे थर समान अंतरावर असतात. प्रत्येक थरावरून थोडे किरण परततात. तरंगलांबी आणि थरांतले अंतर यांचा मेळ बसला, तरच ते एकमेकांना बळ देतात. हाच ब्रॅग यांचा नियम. वडिलांनी त्यासाठी मोजमापाचे उपकरण तयार केले आणि बापलेकांनी मिठापासून हिऱ्यापर्यंत स्फटिकांची अंतर्रचना उलगडली.

१९१५ चे नोबेल पारितोषिक दोघांना मिळून जाहीर झाले. लॉरेन्स २५ वर्षांचे होते; भौतिकशास्त्रात इतक्या कमी वयात हा मान आजवर दुसऱ्या कुणाला मिळालेला नाही. पण ते वर्ष आनंदाचे नव्हते. धाकटा भाऊ रॉबर्ट गॅलिपोलीच्या लढाईत मारला गेला होता. लॉरेन्स स्वतः सैन्यात होते. आवाजावरून शत्रूच्या तोफेची जागा शोधण्याचे तंत्र त्यांनी विकसित केले. शोधाचे श्रेय लोक वडिलांना देतात, ही सलही त्यांना बराच काळ होती.

१९३८ पासून ते केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेचे प्रमुख होते. १९५३ मध्ये डीएनएची रचना उलगडली, ती त्यांच्याच कारकिर्दीत. पुढे लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्यांनी शाळकरी मुलांसाठी प्रयोगांसह व्याख्याने सुरू केली. १ जुलै १९७१ रोजी त्यांचे निधन झाले.

त्यानंतर सात वर्षांनी, १९७८ मध्ये, कॅनडात काचेच्या धाग्याच्या गाभ्यात प्रकाशाने समान अंतरावर रेघा उमटवता येतात, असे आढळले. या रेघा स्फटिकातल्या थरांसारख्या वागतात. धाग्यातून जाणाऱ्या प्रकाशातली एकच तरंगलांबी त्या परत पाठवतात. धागा ताणला की रेघांतले अंतर वाढते आणि परतणारी तरंगलांबीही बदलते. दहा लाखांत एक भाग एवढा ताणही त्यातून कळतो. धाग्याची जाडी जेमतेम १२५ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा आठवा भाग. शिवाय त्यातून वीज वाहत नाही. ब्राझीलमधील संशोधकांनी जबड्याच्या प्रतिकृतीत असे धागे बसवून तारेचे बल मोजले आहे. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत याच तत्त्वावर चाव्याचे बल मोजले गेले.

अडचण आहे ती तापमानाची. एका अंशाच्या फरकाने तरंगलांबी जेवढी सरकते, तेवढी ती आठ-नऊ पट मोठ्या ताणाने सरकते. गरम चहाचा घोट म्हणजे तारेचे बल, असा घोटाळा होऊ नये म्हणून बल न पडणारा दुसरा धागा शेजारी ठेवावा लागतो. त्यामुळे हे मोजमाप अजून मुख्यतः प्रयोगशाळेत आहे. दवाखान्यात बलाचा अंदाज डॉक्टरांचा अनुभव, तारेची जाडी आणि साधा स्प्रिंगचा मापक यांवरूनच बांधला जातो. म्हणून ठरलेली तारीख चुकवू नये आणि तार घरी वाकवू नये. तार घट्ट केल्यावर दोन-चार दिवस ठणकणे स्वाभाविक आहे. पण ठणका त्याहून लांबला किंवा दात फार हलू लागला, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांना दाखवावे.