काडतुसं भरणारा १२ वर्षांचा पोरगा लेथवर असं काम करून गेला, की आजचं सीएनसीही त्याच तत्त्वावर चालतं

चाकण, भोसरी, सातपूर, वाळूज. यातल्या कुठल्याही एमआयडीसीतल्या मशीन शॉपमध्ये गेलात तर एक गोष्ट हमखास दिसते. ऑपरेटर चकमध्ये जॉब पकडतो, दरवाजा लावतो, सायकल स्टार्टचं बटण दाबतो आणि काही मिनिटांत आटे पाडलेला बोल्ट बाहेर येतो. तो बोल्ट दुसऱ्याच कुणीतरी, दुसऱ्याच गावात बनवलेल्या नटमध्ये बिनतक्रार बसतो.

आता यात काय विशेष, असं वाटेल. पण अडीचशे वर्षांपूर्वी हे अशक्य होतं. तेव्हा आटे बऱ्याचदा कारागिराच्या हाताच्या अंदाजाने पडायचे. एका बोल्टचा नट दुसऱ्याला बसेल याची खात्री नसायची. मशीन खोलताना जोड्यांवर खुणा करून ठेवाव्या लागायच्या. एखादा नट हरवला की त्या बोल्टपुरता नवा नट बनवणं आलंच.

हे चित्र बदलणाऱ्यांमध्ये सगळ्यात पुढचं नाव म्हणजे हेन्री मॉड्सली.

मॉड्सलीचा जन्म २२ ऑगस्ट १७७१ चा, लंडनजवळच्या वूलविचचा. वडील सैन्यात होते. जखमी झाल्यावर त्यांना वूलविचच्या सरकारी शस्त्रागारात स्टोअरकीपरची नोकरी मिळाली. पण हेन्री लहान असतानाच वडील गेले आणि वयाच्या १२ व्या वर्षी तो त्याच शस्त्रागारात काडतुसांत दारू भरायच्या कामाला लागला. दोन वर्षांनी त्याला सुतारकामाच्या विभागात टाकलं, पण त्याचं सगळं लक्ष शेजारच्या लोहारशाळेकडे. शेवटी १५ व्या वर्षी तो तिकडे गेला आणि थोड्याच दिवसांत त्याच्या हाताचं नाव झालं.

त्याच काळात लंडनमध्ये जोसेफ ब्रामा नावाचा संशोधक अडचणीत होता. त्याने सहजासहजी न उघडणारं कुलूप शोधून पेटंट घेतलं होतं, पण तितके बारीक भाग बनवणारा माणूस मिळत नव्हता. कुणीतरी मॉड्सलीचं नाव सुचवलं. १८ वर्षांचा पोरगा बघून ब्रामाचा विश्वास बसेना. तेव्हा शॉपमधला एक झिजलेला व्हाइस त्याला दुरुस्तीला दिला आणि मॉड्सलीने तो सुट्टी व्हायच्या आत नव्यासारखा करून दाखवला, असं सांगतात. नोकरी पक्की झाली.

ब्रामाने दुकानाच्या खिडकीत एक कुलूप ठेवून ते उघडणाऱ्याला २०० गिनी बक्षीस जाहीर केलं होतं. ते कुलूप मॉड्सलीच्या हातचं. ते उघडलं थेट १८५१ मध्ये. आल्फ्रेड हॉब्स या अमेरिकन कुलूपतज्ज्ञाला त्यासाठी १६ दिवसांत मिळून ५१ तास झटावं लागलं.

मॉड्सली पुढे ब्रामाच्या शॉपचा मुख्य फोरमन झाला. पगार आठवड्याला ३० शिलिंग. लग्न झालं होतं, संसार वाढत होता, म्हणून १७९७ मध्ये त्याने पगारवाढ मागितली. ब्रामाने ती तिथल्या तिथे फेटाळली. मॉड्सलीने नोकरी सोडली आणि ऑक्सफर्ड स्ट्रीटजवळच्या वेल्स स्ट्रीटवर स्वतःचं छोटं शॉप थाटलं. पहिली ऑर्डर होती एका चित्रकाराच्या लोखंडी ईझलची.

त्याचं सगळ्यात मोठं काम याच काळातलं, ते म्हणजे आटे पाडायचा लेथ.

तोवर बऱ्याच लेथवर कारागीर टूल हातात धरून जॉबवर टेकवायचा. हात हलला की माप हललं. मॉड्सलीने टूल पक्कं धरणारी स्लाईड, अचूक लीडस्क्रू आणि बदलता येणारे गिअर या तीन गोष्टी भक्कम लोखंडी बांधणीच्या एकाच मशीनवर आणल्या. यातली प्रत्येक गोष्ट त्याने पहिल्यांदा शोधली असं नाही. त्याच्या आधीही काहींनी असे प्रयत्न केले होते. पण रोजच्या कामात भरवशाने चालेल असं मशीन त्याने उभं केलं.

हे चालतं कसं? चक फिरतो तसा गिअरमधून लीडस्क्रू फिरतो आणि लीडस्क्रू टूलला पुढे सरकवतो. समजा लीडस्क्रूची पिच ६ मिलिमीटर आहे आणि जॉबवर ३ मिलिमीटर पिचचे आटे हवेत. मग जॉबचा एक फेरा होईपर्यंत लीडस्क्रूचा अर्धाच फेरा व्हायला हवा. तसे गिअर लावले की झालं. वेगळी पिच हवी असेल तर गिअर बदला.

आता सीएनसी लेथ बघा. गिअरच्या जागी स्पिंडलचा एन्कोडर आणि सर्वो मोटर आली, पण नातं तेच राहिलं. स्पिंडलच्या एका फेऱ्यात टूलने एक पिच सरकायचं. म्हणूनच आटे पाडताना प्रोग्रॅममध्ये जी९६ ऐवजी जी९७ देऊन आरपीएम स्थिर ठेवतात, आणि आटे पडत असताना स्पीडच्या बटणाला हात लावायचा नसतो. टूलही आट्याच्या तोंडाशी न लावता थोडं मागून सुरू करायचं असतं, कारण स्लाईडला पूर्ण वेग पकडायला अंतर लागतं. ते अंतर कमी पडलं तर सुरुवातीच्या आट्यांची पिच बिघडते आणि नट तिथेच अडकतो.

पण खरा पेच वेगळाच होता. अचूक आटे पाडायला अचूक लीडस्क्रू हवा, मग पहिला अचूक लीडस्क्रू आणायचा कुठून? मॉड्सलीने मऊ धातूच्या आणि लाकडाच्या दांड्यांवर ठरावीक कोनात धारदार पातं टेकवून आटे उमटवले. असे बरेच नमुने करून त्यातला चांगला निवडला, त्यावरून पुढचा बनवला, चुका कमी करत गेला. खगोलशास्त्राच्या उपकरणांच्या पट्ट्या आखायला त्याने ५ फूट लांबीचा एक स्क्रू बनवला होता. त्यावर इंचाला ५० आटे होते. त्याचा नट १२ इंच लांब, म्हणजे नटमध्येच ६०० आटे.

दुसरी गोष्ट सपाटीची. त्याच्या शॉपमध्ये कामगारांना सरफेस प्लेट दिलेल्या असायच्या. प्लेटला रंग लावायचा, जॉब त्यावर घासायचा, रंग लागेल तो उंचवटा खरवडायचा. अशा प्लेट बनवताना तीन प्लेट आलटून पालटून एकमेकींशी जुळवायच्या. दोनच घेतल्या तर एक फुगीर आणि एक खोलगट असूनही त्या एकमेकींत बसू शकतात. तिसरी आली की चोरी पकडली जाते.

तिसरी गोष्ट मापाची. इंचाच्या दहा हजाराव्या भागापर्यंत मोजायला त्याने बेंचवरचा एक मायक्रोमीटर बनवला आणि त्याचं नाव ठेवलं लॉर्ड चॅन्सेलर. हे तेव्हाचं इंग्लंडमधलं सर्वोच्च न्यायिक पद. शॉपमध्ये मापावरून वाद झाला की शेवटचा निकाल याचा.

आजच्या मशीन शॉपने नेमकं हेच लक्षात ठेवायला हवं. बऱ्याच सीएनसी मशीनना फक्त बॉलस्क्रू किती फिरला एवढंच कळतं. बॉलस्क्रू झिजला, बॅकलॅश वाढला, तरी स्क्रीनवर आकडा बरोबरच दिसतो आणि जॉब मात्र रिजेक्ट होतो. त्यामुळे पहिला जॉब मोजल्याशिवाय पुढची बॅच सोडायची नाही. ऑफसेटही मोजून आलेल्या फरकावरून द्यायचा, अंदाजाने नाही.

१८०० नंतर मॉड्सलीला मोठं काम मिळालं. ब्रिटिश नौदलाला जहाजांच्या दोरखंडांसाठी वर्षाला सुमारे १ लाख लाकडी कप्प्या लागायच्या. मार्क ब्रुनेलने त्या मशीनवर बनवायचा आराखडा केला आणि मॉड्सलीने काही वर्षं खपून ४० हून जास्त मशीन बनवली. पोर्ट्समथच्या गोदीत ती बसली आणि १८०८ मध्ये वर्षाला १ लाख ३० हजार कप्प्या तयार होऊ लागल्या. जिथे ११० कुशल कारागीर लागायचे, तिथे १० साध्या कामगारांत काम भागू लागलं.

म्हणजे मशीन आलं की माणसाच्या नोकरीचं काय, हा प्रश्न तेव्हाही होता. कप्प्या कोरणाऱ्या हातांची किंमत घटली हे खरंच. पण त्याच वेळी ड्रॉइंग काढणारे, मशीन जुळवणारे, बारीक माप घेणारे लोक मॉड्सलीच्या शॉपमध्ये घडत होते. आजही जो फक्त जॉब लावतो आणि काढतो, त्याच्या जागी रोबो येऊ शकतो. ड्रॉइंग वाचणारा, सेटिंग करणारा, माप का चुकलं हे शोधणारा माणूस शॉपला लागतोच.

त्याच्या हाताखाली तयार झालेल्यांची नावं बघा. जोसेफ क्लेमेंटने चार्ल्स बॅबेजच्या गणनयंत्राचे भाग बनवले. जेम्स नॅस्मिथने वाफेवरचा हातोडा आणला. जोसेफ व्हिटवर्थने १८४१ मध्ये आट्यांचं एकच प्रमाण सुचवलं, ५५ अंश कोनाचं. आपल्या घरातल्या नळाच्या पाइपच्या आट्यांचा कोन आजही तोच आहे.

या शिष्यांना मॉड्सलीने आणखी एक सवय लावली. काम सुरू करण्याआधी नेमकं काय बनवायचंय ते डोक्यात स्पष्ट हवं आणि नको तिथे धातू नको. आतले कोपरे काटकोनी ठेवलेले त्याला खपायचे नाहीत, तिथे गोलाई द्यायला लावायचा. कारण चीर जाते ती तीक्ष्ण कोपऱ्यातूनच. मिलिंगवाल्यांना याचा दुसरा फायदाही माहीत असेल. फिरतं कटर आतला कोपरा काटकोनी काढूच शकत नाही. त्यामुळे ड्रॉइंगमध्येच कटरला जमेल अशी गोलाई दिली तर जॉब मजबूत होतो आणि वेळही वाचतो.

१८१० मध्ये शॉप लंडनच्याच लॅम्बेथ भागात गेलं. पुढे तिथे जहाजांची वाफेची इंजिनं बनू लागली. थेम्स नदीखालचा बोगदा खोदायला ब्रुनेलने वापरलेली लोखंडी ढालही तिथलीच.

१८३१ च्या सुरुवातीला फ्रान्समधल्या मित्राला भेटून परतताना त्याला समुद्रावर थंडी बाधली. चारेक आठवड्यांनी, १४ फेब्रुवारीला तो गेला. वय ५९. वूलविचच्या चर्चच्या आवारात त्याला पुरलं, आणि तिथलं बिडाचं स्मारक त्याने स्वतःच डिझाईन केलेलं होतं. त्याचा आटे पाडायचा लेथ आज लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये आहे. चक, स्लाईड आणि लीडस्क्रू कुठे आहे, हे आपल्याकडचा आयटीआयचा टर्नर तो बघून लगेच सांगेल.