आजकालचे प्रश्न आणि आमचे डॉक्टरसाहेब

डॉक्टर हा शब्द आपल्या समाजात दोन अर्थांनी वापरला जात आला आहे. अंगात ताप भरला म्हणजे ज्याच्याकडे धाव घ्यावयाची तो एक डॉक्टर. आणि नाव न घेता नुसते डॉक्टरसाहेब म्हटले की ज्यांची मूर्ती डोळ्यांपुढे उभी राहते ते दुसरे. आमच्या आधीच्या पिढीतील वडीलधारी मंडळी बाबासाहेबांचा उल्लेख पुष्कळदा असाच करीत. या दुसऱ्या डॉक्टरांनी नाडी पाहिली ती माणसांची नव्हे, तर चालू काळाची. या स्मरणिकेसाठी बाबासाहेबांच्या जीवनावर लेख लिहिण्याची सूचना झाली तेव्हा प्रथम आम्ही थोडे अडखळलो. 14 एप्रिल 1891 रोजी महू येथे झालेला जन्म, सुभेदार रामजींची शिस्त, एल्फिन्स्टन, कोलंबिया, लंडन, महाड, येवला, नागपूर हा क्रम आपल्या शाळेतील पाचवीच्या मुलालाही मुखोद्गत आहे. म्हणून आम्ही येथे बाबासाहेबांच्या जीवनाचा एकच धागा हाती घेतो. तो म्हणजे रोजच्या घडामोडींवर मत देणारे, त्यासाठी पत्र चालविणारे, आणि त्या मताची किंमत मोजणारे बाबासाहेब.

1917 साली बडोद्याच्या नोकरीत अवहेलना सोसून ते मुंबईस परतले. नोव्हेंबर 1918 मध्ये सिडनहॅम महाविद्यालयात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले आणि परळच्या बी.आय.टी. चाळीतील दोन खोल्यांत संसार करू लागले. पगारातून पैसा शिल्लक टाकून लंडनचे अर्धवट राहिलेले शिक्षण पुरे करावयाचे, हा त्यांचा निश्चय होता. अशा माणसाने वृत्तपत्राच्या उठाठेवीत पडू नये, असे कोणीही व्यवहारी गृहस्थ सांगता. पण जानेवारी 1919 मध्ये साउथबरो समितीपुढे साक्ष देताना त्यांना एक गोष्ट स्पष्ट दिसली होती. मताधिकाराचा प्रश्न देशात चर्चिला जात होता आणि ज्यांच्या जीवनमरणाचा तो प्रश्न, त्यांचे मत छापील स्वरूपात कोठेच उमटत नव्हते.

म्हणून 31 जानेवारी 1920 रोजी 'मूकनायक' हे पाक्षिक निघाले. राजर्षी शाहू महाराजांनी त्यासाठी अडीच हजार रुपयांचे साहाय्य केले. बाबासाहेब सरकारी महाविद्यालयात नोकरीस असल्याने संपादक म्हणून पांडुरंग नंदराम भटकर यांचे नाव गेले. अग्रलेखाची लेखणी मात्र बाबासाहेबांची होती. पत्राच्या शिरोभागी संत तुकारामांचा अभंग घातला होता. पत्र निघत असल्याची जाहिरात पैसे घेऊनसुद्धा छापण्यास 'केसरी'ने नकार दिला, हे त्यांच्या चरित्रकारांनी नमूद केले आहे. राष्ट्राच्या स्वातंत्र्यासाठी गर्जना करणाऱ्या पत्राला चार ओळींची विकतची जागाही या नव्या पत्रास देता आली नाही, हे इतिहासाचा विद्यार्थी म्हणून आम्हांस आजही विचार करावयास लावते.

येथे एक गोष्ट प्रांजळपणे सांगितली पाहिजे. 'मूकनायक' हे अस्पृश्यांचे पहिले पत्र नव्हते. गोपाळबाबा वलंगकरांनी एकोणिसाव्या शतकातच लेखणी उचलली होती. पुण्यात शिवराम जानबा कांबळे यांनी 1908 साली 'सोमवंशीय मित्र' काढले, आणि नागपूरकडे किसन फागुजी बनसोडे यांनीही पत्रे चालविली. बाबासाहेबांनाही आधीच्या कामाचा विसर पडला नव्हता. पहिल्याच अग्रलेखात त्यांनी 'दीनमित्र', 'जागरूक', 'विजयी मराठा', 'ज्ञानप्रकाश', 'सुबोध पत्रिका' अशा पत्रांतून अस्पृश्यांच्या प्रश्नांची चर्चा होते, हे मोकळेपणाने मान्य केले. पण निरनिराळ्या जातींचे हितसंबंध सांभाळणाऱ्या या पत्रांत आपल्या प्रश्नांना पुरेशी जागा मिळणे शक्य नाही, हा हिशेबही मांडला. त्याच लेखात हिंदू समाजाला त्यांनी शिडी नसलेल्या मनोऱ्याची उपमा दिली. ज्या मजल्यावर जन्म, त्याच मजल्यावर मरण. आमच्या मते मराठी अग्रलेखांत इतके अचूक समाजशास्त्र इतक्या थोड्या शब्दांत क्वचितच आले असेल.

पुढे काय झाले? मार्च 1920 मध्ये माणगावची परिषद झाली, जुलैत बाबासाहेब लंडनला गेले. पत्र ज्ञानदेव ध्रुवनाथ घोलप यांच्या हाती आले. वर्गणीदार अपुरे, कार्यकर्त्यांत बेबनाव. 1923 पर्यंत पत्र बंद पडले. बाबासाहेब लंडनच्या ग्रंथालयात अर्धपोटी बसून रुपयाच्या प्रश्नावर डी.एस्सी.चा प्रबंध लिहीत होते आणि इकडे त्यांनी लावलेले रोपटे पाण्यावाचून वाळत होते. हे पाणी घालण्याचे काम कोणाचे होते, हा प्रश्न आपण नेहमी दुसऱ्याकडे बोट दाखवून सोडवितो. या ठिकाणी ते करता येणार नाही.

1923 मध्ये बाबासाहेब बॅरिस्टर होऊन परतले आणि त्याच वर्षी त्यांना डी.एस्सी.ही मिळाली. 20 जुलै 1924 रोजी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली आणि तिच्या वतीने जानेवारी 1925 मध्ये सोलापुरास विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह उघडले. आपल्यासारख्या निवासी शाळांची कुळकथा तेथपर्यंत मागे जाते, हे माजी विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावे. जुलै 1926 मध्ये त्यांचा लाडका पुत्र राजरत्न मरण पावला. त्याआधीही मुलांचे मृत्यू या घराने पाहिले होते. त्या दुःखाला वर्षही उलटले नव्हते तोच 20 मार्च 1927 रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी त्यांनी ओंजळीत घेतले, आणि अवघ्या दोन आठवड्यांनी, 3 एप्रिल 1927 रोजी, 'बहिष्कृत भारत'चा पहिला अंक बाहेर पडला.

या वेळी संपादक ते स्वतःच होते. महाराष्ट्र शासनाने 1990 साली 'मूकनायक' व 'बहिष्कृत भारत' यांचे उपलब्ध अंक एका मोठ्या खंडात पुनर्मुद्रित केले. तो जाडजूड खंड प्रथम चाळला तेव्हा आम्हांस सर्वांत अधिक धरून ठेवले ते 'आजकालचे प्रश्न' आणि 'प्रासंगिक विचार' या सदरांनी. महाडला तळ्याच्या शुद्धीकरणासाठी ओतलेले शेणगोमूत्राचे घडे, नगरपालिकेने आधी केलेला आणि मग फिरविलेला ठराव, कायदेमंडळातील घडामोडी, पुढाऱ्यांची भाषणे, अन्य पत्रांतील टीका: काहीही त्यांच्या नजरेतून सुटत नाही. प्रतिपक्षाचे म्हणणे आधी पूर्ण मांडावयाचे, त्यातील खरे तेवढे मान्य करावयाचे, आणि मग उरलेल्याचा एकेक टाका उसवावयाचा, ही त्यांची रीत. मराठी ठसठशीत आणि मधूनच बोचरी. शिरोभागी या वेळी ज्ञानेश्वरीतील ओव्या होत्या. ज्या 1927 सालच्या डिसेंबरात महाडलाच मनुस्मृतीचे दहन झाले, त्याच सालचा हा संपादक ज्ञानेश्वरी व तुकाराम यांना परके मानत नव्हता. परंपरेतील काय ठेवावे व काय टाकावे याचा विवेक करण्याचा अधिकार आपलाही आहे, असेच जणू तो दाखवून देत होता.

हे सारे लेखन ते जवळजवळ एकट्याने करीत. दिवसा वकिली व विधिमंडळ, रात्री रकानेच्या रकाने मजकूर. मदतीला पगारी माणूस ठेवण्याइतका पैसा नव्हता. 3 फेब्रुवारी 1928 च्या अंकात अखेर त्यांनी पत्राच्या ऋणाविषयी समाजालाच जाब विचारला. वर्षभर कोणताही मोबदला न घेता आपण काय केले आणि वाचकांनी काय केले, याचा तो ताळेबंद होता. त्यात कुरकुर नाही. पण वाचणाऱ्यास मान खाली घालावी लागते. नोव्हेंबर 1929 मध्ये हेही पत्र थांबले.

चालू घडामोडींवरील त्यांचे मत लोकप्रियतेचा वारा पाहून ठरत नसे. 1928 साली सायमन कमिशनवर देशभर बहिष्कार पडला असता त्यांनी मुंबई प्रांतिक समितीवर काम केले आणि कमिशनपुढे साक्ष दिली. त्यांच्यावर देशद्रोहाचे शिंतोडे उडाले. विधी महाविद्यालयात ते शिकवीत असत, तेथील विद्यार्थ्यांनी त्यांच्या तासावर बहिष्कार टाकला. मात्र मे 1929 मध्ये त्यांनी जो स्वतंत्र अहवाल दिला, तो वाचण्याचे कष्ट टीकाकारांनी घेतले नाहीत. प्रौढ मताधिकार आणि राखीव जागांसह संयुक्त मतदारसंघ अशी मागणी त्यात होती.

त्याच 1928 सालच्या जुलैत मुंबई विधिमंडळात गिरणीकामगार स्त्रियांना प्रसूतिकाळात पगारी विश्रांती मिळावी, या विधेयकाला त्यांनी पाठिंबा दिला. हा प्रश्न केवळ त्या स्त्रीचा नसून राष्ट्राच्या हिताचा आहे, आणि ज्या मालकाला तिच्या श्रमाचा लाभ होतो त्याने या खर्चाचा काही भार उचलावा, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. पुढे 1934 मध्ये 'समाजस्वास्थ्य'कार र. धों. कर्वे यांच्यावर अश्लीलतेचा खटला भरला गेला, तेव्हा त्यांची वकिली बाबासाहेबांनी केली. खटला हरले. लैंगिक प्रश्नांवर उघड लिहिणे म्हणजे अश्लीलता नव्हे, ही भूमिका त्या काळी घेण्यास किती धैर्य लागत होते, हे आजही वर्गात शरीरशास्त्राचा धडा घाईने उरकणाऱ्या आम्हां शिक्षकांनी तरी ओळखावे. 1938 मध्ये त्यांच्या पक्षाचे प्रभाकर रोहम यांनी संततिनियमनाचा प्रश्न विधानसभेत आणला, त्यामागेही बाबासाहेबांचेच विचार होते. खोतीविरोधी विधेयक (1937), शेतकऱ्यांचा मुंबईतील मोर्चा, 7 नोव्हेंबर 1938 चा कामगारांचा संप, आणि 1942 पासून व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळातील मजूर खाते यांविषयी इतरत्र पुष्कळ लिहिले गेले आहे. 24 नोव्हेंबर 1930 रोजी निघालेले 'जनता' हे पत्र या सर्व काळात त्यांचे मुखपत्र होते आणि आधीच्या दोन्ही पत्रांपेक्षा ते कितीतरी अधिक काळ टिकले.

18 जानेवारी 1943 हा दिवस मात्र आम्ही ओलांडून जाऊ शकत नाही. न्यायमूर्ती रानडे यांच्या जयंतीनिमित्त पुण्याच्या डेक्कन सभेने त्यांना व्याख्यानास बोलाविले. रानड्यांची तुलना त्यांनी गांधी व जिना यांच्याशी केली, हे सर्वांना ठाऊक आहे. त्या व्याख्यानातील वृत्तपत्रांविषयीचा भाग मात्र क्वचितच कोणी सांगतो. पूर्वी व्रत असलेली पत्रकारिता आता साबण बनविण्यासारखा धंदा झाली आहे. लोकांना विचार करावयास लावण्याऐवजी ती एखाद्या पुढाऱ्याचे नगारे वाजवीत बसली आहे, असा त्यांचा रोख होता. थोर पुरुषाविषयी आदर बाळगावा, पण त्याच्या पायाशी आपली बुद्धी गहाण टाकू नये, हे त्यांनी तेथे सांगितले. आणि 25 नोव्हेंबर 1949 रोजी संविधान सभेतील अखेरच्या भाषणात, राजकारणातील भक्ती हुकूमशाहीकडे नेते, असा इशारा पुन्हा दिला.

हे लिहिताना आमची लेखणी क्षणभर थांबते. या स्मरणिकेतही पानापानावर बाबासाहेबांचे छायाचित्र असेल. चौदा एप्रिलला आपल्या गावोगावी मिरवणुका निघतात, डीजेच्या आवाजाने भिंती हादरतात. त्या आनंदाला आमचा विरोध नाही. शतकांनंतर मिळालेला तो आनंद आहे. परंतु त्या मिरवणुकीतील किती घरांत बाबासाहेबांचा एक तरी खंड उघडला गेला आहे, हे पालकांनी आपापल्या मनाशी विचारून पाहावे. आमच्याच घरी तो खंड कित्येक वर्षे कपाटात कोरा राहिला होता, हेही कबूल करतो.

मत बदलण्याचे भय बाबासाहेबांना नव्हते. 1948 साली त्यांनी मुंबईसह महाराष्ट्राच्या एका भाषिक प्रांताचे समर्थन केले; 1955 च्या पुस्तकात मराठी भाषकांची चार राज्ये व्हावीत आणि त्यांत मुंबई हे एक असावे, अशी मांडणी केली. अभ्यासकांत यावर मतभेद आहेत आणि असावेत. आम्हांस स्वतःला 1948 चे निवेदन अधिक पटते. परंतु लहान राज्यांत अल्पसंख्य समाजाची गळचेपी कशी टळेल, ही त्यांची मूळ चिंता दोन्ही लेखनांत सारखीच आहे.

27 सप्टेंबर 1951 रोजी हिंदू कोड बिलाच्या प्रश्नावर त्यांनी मंत्रिपद सोडले. प्रकृती ढासळत चालली होती. मधुमेहाने शरीर पोखरले होते, दृष्टी मंदावली होती. तरीही वृत्तपत्रांचे वाचन व लेखन थांबले नाही. 4 फेब्रुवारी 1956 रोजी 'जनता'चे नाव बदलून 'प्रबुद्ध भारत' झाले. मूकनायक, बहिष्कृत भारत, जनता, प्रबुद्ध भारत: ही चार नावे क्रमाने नुसती वाचली तरी छत्तीस वर्षांचा प्रवास समजतो. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरास धम्मदीक्षा झाली.

5 डिसेंबर 1956 च्या रात्री, दिल्लीतील 26, अलीपूर रोड येथील निवासस्थानी, झोपण्यापूर्वी त्यांनी काही टंकलिखित कागद टेबलावर आणून ठेवावयास सांगितले. त्यांत बुद्ध आणि त्यांचा धम्म या ग्रंथाची प्रस्तावना होती. सोबत दोन पत्रे होती, नव्या रिपब्लिकन पक्षाच्या संदर्भातील. एक समाजवादी नेते एस. एम. जोशी यांना, आणि दुसरे आचार्य अत्रे यांना, ज्यांचे दैनिक 'मराठा' सुरू होऊन तेव्हा तीन आठवडेच झाले होते. सकाळी ते कागद टेबलावर तसेच होते.